बीदर-कलबुर्गी सीमाभागातील बड्याचे सालन : एका घरगुती पदार्थाचा इतिहास

बीदर आणि कलबुर्गी (२०१४ पूर्वीचे गुलबर्गा) या जिल्ह्यांच्या इतिहासावर आजवर विपुल लेखन झाले आहे. त्यात बहामनी सुलतानांचे किल्ले आहेत, महमूद गावानचा १४७२ मधील मदरसा आहे, हजरत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांचा दर्गा आहे, बिद्रीकाम आहे. मात्र या इमारतींच्या सावलीत राहणाऱ्या माणसांच्या चुलीवर काय शिजत होते, याकडे आपल्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. इतिहासाच्या प्राध्यापकाला शिलालेख वाचता येतो, पण आईच्या देगचीतील मसाला वाचायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. प्रस्तुत लेखात या सीमाभागातील मुस्लिम घरांतून शिजणाऱ्या बड्याच्या गोश्ताच्या झणझणीत सालनाचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. विषय काहींना क्षुल्लक वाटेल, काहींना नाजूक वाटेल. तो नाजूक आहे हे मान्य करूनच लेखन केले आहे.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारणीभूत ठरला. काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गाला मी ‘आमच्या घरचा एक पदार्थ’ या विषयावर माहिती गोळा करून आणण्यास सांगितले होते. आजी किंवा आई यांना विचारून कृती लिहायची, पदार्थाशी निगडित शब्द टिपायचे आणि तो पदार्थ घरात केव्हापासून होतो ते विचारायचे, एवढेच काम होते. वर्गात मुस्लिम आणि बौद्ध विद्यार्थ्यांची संख्या चांगली होती. वह्या तपासताना लक्षात आले की या दोन्ही समाजांतील बहुतेक मुलांनी वरण-भात, शिरा, पुरणपोळी, फार तर अंडाकरी लिहून आणली होती. ज्या मुलीच्या घरी मी स्वतः सालन-रोटी जेवलो होतो, तिने ‘भेंडीची भाजी’ लिहिली होती. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, वो लिखना नक्को.” हे ‘नक्को’ मला फार दिवस पुरले. एका पिढीने आपल्या घरचे जेवण वहीत लिहिण्याचे टाळले, तर पुढच्या संशोधकाला त्या घरात काहीच शिजत नव्हते असेच वाटेल.

प्रथम शब्दांविषयी. आमच्या भागातील दखनीत गोश्ताचे दोन प्रकार मानतात, ‘छोटे का’ आणि ‘बडे का’. छोटे म्हणजे शेळी-मेंढी आणि बडे म्हणजे गाय-बैल व म्हैस-रेडा. मराठी बोलणारे मुस्लिम ‘मोठ्याचे मटण’ किंवा ‘बड्याचे’ म्हणतात, आणि खेड्यात ‘हल्ल्याचे’ हा शब्दही ऐकू येतो. हल्या म्हणजे रेडा. इंग्रजीतील ‘बीफ’ हा शब्द या सर्वांना एकाच पिशवीत कोंबतो आणि वर्तमानपत्रे त्याचे भाषांतर सरसकट ‘गोमांस’ असे करतात. बडे म्हणजे गायच, असे समीकरण त्यामुळे वाचकाच्या मनात बसते. वस्तुतः आज या भागात बड्याचे म्हणून जे शिजते ते म्हशीचे वा रेड्याचे असते. ‘सालन’ हा शब्दही समजून घेण्यासारखा आहे. रोटीशी लावून खायचे जे काही पातळसर ते सालन. मराठवाड्यातील ‘कोरड्यास’ आणि देशावरील ‘कालवण’ यांचे काम हेच. दखनीने मराठीकडून ‘नको’ घेतला, वाक्यात जोर देणारा ‘च’ घेतला. पंधराव्या शतकात बीदरलाच रचल्या गेलेल्या निजामीच्या ‘कदमराव पदमराव’ या मसनवीपासून ही देवाणघेवाण दिसते. स्वयंपाकघरात ती अधिकच सहज झाली, कारण तेथे व्याकरणकार नव्हते.

या प्रदेशातील पाककलेचा लेखी इतिहास मुस्लिम राजवटीच्या पूर्वीपासून सुरू होतो, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण ही उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांसाच्या कृती आहेत. डुक्कर, मेंढा, हरिण, पक्षी, मासे, कासव इतकेच नव्हे, तर शेतातील उंदीरही त्यात आहे. मांस कापावे कसे, आंबट कशाने आणावे, निखाऱ्यावर कसे भाजावे याचे तपशील राजाने हौसेने दिले आहेत. गाईच्या मांसाची कृती मात्र त्यात नाही. याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असाही उल्लेख येतो, म्हणून मराठीच्या अध्यापकांना तो परिचित असतो. त्याच शतकात त्याच नगरीत बसवेश्वरांची शरण चळवळ झाली आणि मांसवर्ज्य आहाराला मोठी प्रतिष्ठा मिळाली. एकाच गावच्या शंभर वर्षांत राजाचा मांसाहार आणि शरणांचा शाकाहार दोन्ही आहेत. ‘इथला मूळ आहार’ म्हणून एकच काही सांगू पाहणाऱ्यांनी बसवकल्याणचा विचार करावा.

१३४७ मध्ये अलाउद्दीन हसन बहमनशहाने गुलबर्गा येथे राजधानी केली आणि पुढे अहमदशहा वली याने ती बीदरला हलविली. इराण, इराक, मध्य आशियातून आलेले आफाकी आणि येथे रुळलेले दखनी यांच्यातील दरबारी संघर्ष आपण शिकवतो. १४८१ मध्ये महमूद गावानचा बळी त्यातूनच गेला. परंतु हे दोन गट जेवत काय होते? आफाकींसोबत पुलाव, कबाब, केशर, सुका मेवा यांची दरबारी परंपरा आली असावी. दखन्यांच्या हाती ज्वारी, तूर, चिंच, अंबाडी, तीळ होते. आज बीदर-कलबुर्गीच्या घरांत जे शिजते त्यात दखनी गटाचाच विजय झालेला दिसतो, असे मी वर्गात गमतीने म्हणतो. तलवारीने आफाकी जिंकले असतील, पण चुलीने त्यांना दखनी केले.

याच काळात रशियन व्यापारी अफनासी निकितिन बीदरला येऊन राहिला. १४७० च्या आसपासचे त्याचे प्रवासवर्णन आमच्या भागासाठी अमोल आहे. आळंद येथील शेख अलाउद्दीन यांच्या उरुसाची, तेथे भरणाऱ्या घोड्यांच्या बाजाराची त्याने नोंद केली आहे. बीदरच्या हिंदूंशी त्याची ओळख झाली होती. त्यांच्यातील काही लोक मेंढी, कोंबडी, मासे, अंडी खातात, परंतु बैलाचे मांस कोणीही खात नाही असे तो लिहितो. हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. निकितिन बाजारपेठेत वावरला आणि व्यापाऱ्यांशी बोलला. गावकुसाबाहेर मेलेले ढोर ओढण्याचे काम ज्यांच्या माथी होते त्यांच्या वस्तीत तो गेला असण्याचा संभव नाही. प्रवासी जेथे उतरतो तेथूनच त्याला देश दिसतो.

आता तिखटाकडे वळू. ‘झणझणीत’ हा या सालनाचा आत्मा मानला जातो, पण तो आत्मा बराच नंतर शिरला आहे. मिरची ही अमेरिकेतील वनस्पती आहे. १४९८ नंतर पोर्तुगीज भारतात येऊ लागले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, आणि त्यानंतर मिरची हळूहळू दख्खनमध्ये पसरली. म्हणजे महमूद गावानच्या ताटात लाल मिरची असणे शक्य नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही पाकगृहातील कृती वजनासह दिल्या आहेत. दोप्याजा, कलिया, दमपुख्त ही नावे तेथे आहेत. मिरे, आले, लवंग, दालचिनी आहे, पण मिरची नाही. टोमॅटोही अमेरिकेतलाच, आणि आपल्याकडे स्वयंपाकात त्याचा सर्रास वापर मिरचीनंतर फार उशिरा, इंग्रजी अमदानीच्या उत्तरार्धात सुरू झाला. आंबटपणासाठी येथे चिंच, कैरी आणि अंबाडीच होती. आजही जुन्या घरांतील स्त्रिया बड्याच्या सालनात टोमॅटो घालण्यास नाक मुरडतात, तेव्हा त्या नकळत इतिहासाचीच बाजू घेत असतात.

हे सूत्र हाती धरले की बसवकल्याणचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ, कल्याणी बिर्याणी, नीट तपासता येतो. आसफजाही काळात कल्याणीचा किल्ला आणि जहागीर एका नवाब घराण्याकडे होती. या घराण्यातील गजनफर जंग यांचा निजामाच्या कुटुंबाशी विवाहसंबंध झाला व घराणे हैदराबादेत स्थायिक झाले, अशी हकीकत सांगितली जाते. बीदर-कल्याणी भागातून कामानिमित्त राजधानीत येणाऱ्या रयतेला नवाबांच्या देवडीत जेवण मिळे आणि ते जेवण म्हणजे बड्याच्या गोश्ताची बिर्याणी, असे परंपरा सांगते. १९४८ मध्ये संस्थान संपले, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, देवड्यांची चूल विझली आणि तेथील बावर्च्यांनी शहरात दुकाने टाकली. आज हैदराबादेत ‘कल्याणी’ म्हणजे गरिबाची बिर्याणी. तिची ओळख म्हणजे बारीक चौकोनी बोट्या, धने-जिऱ्याचा वास आणि भरपूर टोमॅटो. आता हा टोमॅटोच परंपरेच्या आड येतो. जो पदार्थ अठराव्या शतकातील देवडीतून आला असे सांगतात, त्याची ओळखच टोमॅटोने होत असेल, तर आजची कृती त्या काळाची नाही हे उघड आहे. माझ्या मते देवडीतील अन्नछत्राची हकीकत खरी असू शकते, नावही तेथूनच आले असेल, मात्र आजच्या चवीची बिर्याणी ही विसाव्या शतकातील बाजाराने घडविली. बोट्या बारीक का, याचे उत्तरही बाजारातच आहे. बड्याचे गोश्त चिवट, बारीक कापले की लवकर शिजते आणि थोडे गोश्त पुष्कळ ताटांत दिसते.

घरातील सालनाची गोष्ट वेगळी आहे. तेथे घाई नसते, किंवा अलीकडेपर्यंत नव्हती. माझ्या आईची पद्धत येथे नोंदवतो, कारण कृती हेही साधनच आहे. किलोभर गोश्त असेल तर त्यात पावभर हाड असलेच पाहिजे, शक्यतो नळीचे. बोट्या मोठ्या ठेवायच्या. गोश्त धुऊन हळद, मीठ आणि चार चमचे आले-लसणाचे वाटण लावून तासभर बाजूला. जनावर फार म्हातारे वाटले तर कच्च्या पपईचा किसलेला तुकडा. चार मोठे कांदे उभे चिरून तेलात तांबूस होईपर्यंत परतायचे. आई म्हणे, कांद्यात घाई केली तर सालन पुढे तीन तास रागावते. त्यात गोश्त टाकून त्याचे स्वतःचे पाणी सुटून आटेपर्यंत भुनायचे. हे भुनणे हीच खरी कला. पाणी आटले, तेल कडेने सुटू लागले की तीन-चार चमचे लाल तिखट, दोन चमचे धन्याची पूड, आणि मग गरम पाणी. थंड पाणी ओतले तर गोश्त आकसते अशी तिची ठाम समजूत होती. चुलीवर मंद आचेवर अडीच-तीन तास. शेवटी भाजलेले सुके खोबरे, तीळ, खसखस यांचे वाटण, क्वचित शेंगदाणे, आणि चिंचेचा कोळ. वर लाल तेलाचा थर आला की उतरवायचे. मराठीत त्याला तर्री म्हणतात, तोच खरा कट. सोबत ज्वारीची रोटी, कच्चा कांदा. भात नंतर, उरलेल्या सालनाबरोबर.

या कृतीत प्रत्येक पायरी जनावराच्या वयाला दिलेले उत्तर आहे, हे लक्षात घ्यावे. उदगीर-देवणी-भालकी हा देवणी जातीच्या गुरांचा मुलूख. येथील शेतकरी बैल खाण्यासाठी पोसत नव्हता, नांगरासाठी पोसत होता. दहा-बारा वर्षे औत ओढून थकलेला बैल किंवा दुधावरून गेलेली म्हैस आठवडी बाजारात विकली जाई, कसाई घेई, आणि त्या पैशात थोडी भर घालून शेतकरी नवी जोडी आणी. कुरेशी जमात, चामड्याचे व्यापारी, चांभार, ढोर, हाडे गोळा करणारे, सर्वांचे पोट या साखळीवर होते. अशा जनावराचे मांस कोवळे कोठून असणार? त्यात काम करून घट्ट झालेले स्नायू आणि चिवट धागे असतात. ते धागे मंद आचेवर तासन्‌तास शिजूनच मऊ होतात, त्यांतूनच रस्सा दाट आणि चिकट होतो. शेळीच्या मटणाला जे सालन कधी साधत नाही ते यामुळेच. १९६० नंतर प्रेशर कुकर घरोघरी आले, तीन तासांचे काम पाऊण तासावर आले. वेळ वाचला हे खरे. पण भुनणे कमी झाले आणि तर्री पातळ झाली ही घरातील ज्येष्ठ स्त्रियांची तक्रार मला खोटी वाटत नाही.

दालचा हा या सालनाचा धाकटा भाऊ म्हणता येईल. हरभऱ्याची किंवा तुरीची डाळ, दुधी भोपळा, चिंच आणि हाडासह थोडे गोश्त. लग्नात बघाऱ्या खान्याबरोबर दालचा असतोच. कलबुर्गी हा तुरीचा जिल्हा, तेथील तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पाच किलो गोश्तात दोनशे माणसांचे ताट ओले करायचे तर डाळच मदतीला येणार. कलबुर्गीची तहरी हीदेखील याच हिशेबातून आलेली, तांदूळ-गोश्त-तिखट एकाच भांड्यात. बकरी ईदला मोठ्या जनावरात सात वाटे धरण्याची शरीअतने मुभा दिली आहे. ज्या घराला स्वतंत्र बकरा परवडत नाही त्यालाही कुर्बानीत सहभागी होता येते ते यामुळे. म्हणून मोठ्या जनावराचा प्रश्न आमच्या गरीब वस्त्यांत चवीपुरता नसून इबादतीशी आणि ऐपतीशी जोडलेला आहे. ईदनंतर उरलेल्या गोश्ताच्या पट्ट्या मीठ-हळद लावून दोरीवर वाळविण्याची पद्धत होती. पावसाळ्यात त्या भाजून किंवा डाळीत टाकून खात.

अशाच वाळविलेल्या पट्ट्यांना मराठवाड्यातील दलित वस्त्यांत ‘चान्या’ म्हणतात. या शब्दाने आपण दुसऱ्या एका स्वयंपाकघरात प्रवेश करतो. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले आणि उस्मानाबाद-लातूर परिसरातील महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची तपशीलवार नोंद मराठीत प्रथमच झाली. २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने दलित स्त्रियांच्या अन्नविषयक आठवणी संकलित केल्या होत्या. पाटोळे यांचे पुस्तक वाचताना मला माझ्या आजोळची चूल आठवली, पण फरकही जाणवला. आमच्याकडे तेल आणि खोबरे जास्त. त्यांच्याकडे तेलाचा तुटवडा, म्हणून भाजलेल्या धान्याचे येसर लावून रस्सा दाट करायचा. आमचे गोश्त कसायाकडून हलाल होऊन येई, त्यांच्या वाट्याला बलुत्याच्या नावाखाली मेलेले ढोर येई. १९२७ च्या महाड परिषदेपासून डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा आग्रह धरला, आणि पुढे १९४८ मधील ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात गोमांसभक्षण व अस्पृश्यता यांच्या संबंधाची मीमांसा केली. दोन्ही समाजांची देगची बाहेरून सारखी दिसते म्हणून त्यांचा इतिहास एक मानणे चुकीचे होईल. एकाला त्या अन्नामुळे गावाबाहेर ठेवले गेले, दुसऱ्याच्या हाती कधीकाळी राज्य होते. हे प्रामाणिकपणे सांगितले तरच आजच्या समान अडचणीबद्दल बोलण्याचा आपल्याला अधिकार राहतो.

राज्य हाती होते हे म्हणताना १९४८ विसरता येत नाही. सप्टेंबरमधील पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुस्लिमांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे सुंदरलाल समितीने नोंदविले होते. त्यापूर्वी रझाकारांनी केलेले अत्याचारही इतिहासात नोंदलेले आहेत. कमावती माणसे गेली, वतने-नोकऱ्या गेल्या. अनेक घरांत छोट्याचे गोश्त सणापुरते उरले आणि बड्याचे नित्याचे झाले, असे जुन्या पिढीतील स्त्रियांच्या बोलण्यातून मला सातत्याने ऐकू आले. आज जिला ‘आमची पारंपरिक चव’ म्हणतो तिच्यात १९४८ नंतरच्या गरिबीचा वाटा मोठा आहे.

त्यानंतर आठच वर्षांनी या भागाचे तीन तुकडे झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात आले. जहीराबाद, नारायणखेड हा भाग आंध्र प्रदेशात गेला, आज तो तेलंगणात आहे. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात म्हणजे कर्नाटकात राहिले. भाषेच्या वाटणीवर आपण खूप लिहिले. परंतु त्या दिवशी एक चूलही तीन कायद्यांखाली गेली, हे कोणी लिहिले नाही.

१९५८ मध्ये हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाईच्या संपूर्ण हत्याबंदीस मान्यता दिली, मात्र निरुपयोगी झालेल्या बैल-म्हशींवरील सरसकट बंदी अमान्य केली. त्या चौकटीत म्हैसूर राज्याचा १९६४ चा कायदा आला. गाय वर्ज्य, परंतु बारा वर्षांवरील बैल, रेडा, म्हैस प्रमाणपत्राने चालत. महाराष्ट्राचा १९७६ चा आणि आंध्रचा १९७७ चा कायदाही साधारण याच वळणाचा होता. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९५८ ची भूमिका बदलून गुजरातमधील बैलांवरील बंदी वैध ठरविली. महाराष्ट्र विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि वळू-बैल वर्ज्य झाले, म्हैस राहिली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कायदेशीररीत्या कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. कर्नाटकाचा २०२० चा कायदा जानेवारी २०२१ मध्ये अंमलात आला. त्यात संपूर्ण गोवंश आला आणि म्हशीचे वयही तेरा वर्षांवर गेले. शिक्षा तीन ते सात वर्षे. सीमेवरील माणसासाठी याचा अर्थ असा की जहीराबादेस म्हाताऱ्या बैलाविषयी जो नियम तो तीस-पस्तीस किलोमीटरवरील बीदरला नाही, आणि म्हशीविषयी जो नियम बीदरला तो उदगीरला नाही. तिन्ही गावे १९५६ पर्यंत एकाच कलेक्टरच्या हाताखाली होती.

या बदलांची झळ फक्त खाणाऱ्याला लागली असे समजणे अपुरे ठरेल. देवणी बैल सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला थकलेले जनावर विकता येईना, गोठ्यात ठेवावे तर कडबा महाग. बैलजोडी कमी होऊन ट्रॅक्टर वाढण्यास इतर कारणेही आहेत, तथापि म्हाताऱ्या बैलाची किंमत शून्य होणे हे त्यातील एक आहे असे अनेक शेतकरी बोलून दाखवितात. स्वयंपाकात झालेला फेरबदल अधिक मूक आहे. बैलाच्या गोश्ताची जागा म्हशीने घेतली. म्हशीचे गोश्त गडद रंगाचे, त्याची चरबी पांढरी आणि लवकर थिजणारी, म्हणून सालन गरमच वाढावे लागते, चिंच थोडी वाढवावी लागते. गोश्त मिळेना तेव्हा पुष्कळ घरांनी ब्रॉयलर कोंबडी आणली. पण तीन तासांचा मसाला वीस मिनिटांत शिजणाऱ्या कोंबडीला झेपत नाही. त्यामुळे वाटण कमी झाले, खसखस-तीळ गेले, बाजारचा तयार मसाला आला. नव्या सुनांना जुनी कृती ठाऊक नाही याचे खापर शिक्षणावर फोडले जाते, ते बरोबर नाही.

आपल्या महाविद्यालयांतून हे काम सहज होऊ शकते. उर्दूच्या विद्यार्थ्याने शब्द टिपावेत, मराठीच्या विद्यार्थ्याने कोरड्यास-कालवणाशी ताडून पाहावेत, इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणता जिन्नस केव्हा आला ते शोधावे, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आठवडी बाजाराचे भाव विचारावेत. नावे लिहून घेऊ नयेत, ही खबरदारी मात्र काळ पाहता आवश्यक आहे.

ज्या मुलीने भेंडीची भाजी लिहिली होती, तिने पुढच्या सत्रात न सांगता वही परत आणून दिली. चार पानांत दोन सालने होती, एक भालकीच्या आईचे आणि एक उदगीरच्या मावशीचे. आईच्या कृतीत चिंच आणि खोबरे, मावशीच्या कृतीत येसर आणि काळा मसाला. लग्न होऊन मावशीला तेवीस वर्षे झाली होती. समासात मुलीने लिहिले होते की अम्मी मावशीच्या सालनाला “मराठी सालन” म्हणते आणि मावशी अम्मीच्या सालनाला “कानडी” म्हणते, आणि दोघींना ते नानीकडून आले आहे.